चादरीचं दुसरं टोक

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मुकादमाने माझ्या टेबलाला नवीन माणूस लावला. लावला म्हणजे समोर आणून उभा केला आणि म्हणाला, "भिंगऱ्या, हा तुझा जोडीदार. सांभाळ." मी म्हटलं, मलाच कोणीतरी सांभाळायला पाहिजे. मुकादम हसला नाही, कारण सोबत संस्थेच्या बाई होत्या. ही संस्था अशा लोकांना कामाला लावते. अशा म्हणजे कशा, ते बाईंनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. याला ऑटिझम आहे, हा कमी बोलतो, अचानक काही बदललं की याला फार त्रास होतो, पण काम चोख करतो, तेव्हा समजून घ्या. तो तिथेच उभा राहून स्वतःबद्दलचं ऐकत होता आणि इस्त्रीच्या रुळांकडे बघत होता. माझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. तीन महिने बघणार, जमलं तर कायम, नाहीतर घरी.

आमचं काम सांगायला सोपं आहे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुऊन येतात, मोठ्या गरम रुळांखालून निघतात आणि दोन माणसं चार कोपरे धरून त्यांच्या घड्या घालतात. एकट्याचं ते काम नाही. माझ्या आधीच्या जोडीदारांनी तक्रारी केल्या, हा एका जागी उभा राहत नाही, घडी अर्धी टाकून दाराशी जातो. जातो, खरं आहे. पाय ऐकत नाहीत त्याला मी काय करू. आता ज्याला कोणी जोडीदार मिळत नाही त्याच्या गळ्यात ज्याला कोणी घेत नाही तो.

आज एकही घडी धड झाली नाही. तो कोपरे धरून नुसता उभा. मी पुढे गेलो की तो मागे. आम्ही चादर ताणून टेबलाभोवती फिरत राहिलो. डागांची धुणी निवडणारी मावशी तिकडून ओरडली, "नाच बसवताय का रे?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळे त्याला काटकोन म्हणायला लागलेत. नाव मीच ठेवलं. शाळेत सातवीपर्यंत होतो, भूमितीतलं एवढंच डोक्यात राहिलंय. चालताना वळायचं असलं की हा आधी थांबतो, मग वळतो. चादरीचा कोपरा कोपऱ्याला असा लावतो की बघत राहावं. त्याने नाव ऐकलं आणि म्हणाला, "नव्वद." दिवसभरात तेवढा एकच शब्द. मावशी हसून हसून खाली बसली. मला वाटतं त्याने विनोदच केला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! म्हणजे चुकून सापडलं. तो असाच चादर धरून उभा होता. मी वैतागून माझ्या टोकाला दोन हिसके दिले, झोपलेल्याला हलवतात तसे. आणि तो सुरू झाला. कोपरा कोपऱ्याला, मध्ये दुमड, पुन्हा दुमड, टेबलावर. मला वाटलं योगायोग असेल. पुढच्या चादरीला मुद्दाम थांबलो. तोही थांबला. दोन हिसके, की सुरू. एकच दिला तर चालत नाही. जोरात दिला तर मान फिरवतो. हलके दोन, बस्स.

आणि चादर हवेत असताना बोलायचं नाही. बोललं की त्याचे हात खाली येतात. माझ्यासारख्या बडबड्याला ही शिक्षाच. पण घडी टेबलावर पडली की एखादं वाक्य चालतं. तेवढ्यात उरकतो.

३ मार्च, सोमवार

आमचं टेबल सगळ्यांच्या पुढे आहे. मुकादम येऊन गठ्ठे उचकून गेला, चूक सापडेना म्हणून त्याचाच चेहरा पडला. "भिंगऱ्या, काय खातोस रे हल्ली?"

"तुमच्या शिव्या."

एक गंमत झाली. आज जेवणाची घंटा झालेली मला कळलीच नाही. मला! मास्तर ज्याला वर्गाबाहेर उभं करायचे, कारण आत बसवला की अख्खा बाक हलायचा. संस्थेच्या बाई आल्या होत्या, खांबाशी उभं राहून बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं त्याला बघतायत. जाताना मला विचारलं, "तुम्हाला लहानपणी कोणी डॉक्टरांकडे नेलं होतं का?" मी म्हटलं, नेलं होतं की, झाडावरून पडून हात मोडला तेव्हा. त्या हसल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. बाई चांगली आहे पण कधीकधी भलतंच विचारते.

संध्याकाळी ताईचा फोन.

"अजून त्याच कामावर आहेस?"

"हो."

"मारामारी नाही? कोणाला उलटं बोलला नाहीस?"

"नाही."

"मग बरं नाही का तुला?"

आईला फोन दे म्हटलं तर आई म्हणाली, तुझा आवाज बरा लागतोय. घरी मी एका जागी टिकलो ही बातमी असते. ती देऊन झाल्यावर बोलायला काही उरलं नाही.

११ मार्च, मंगळवार

दोन अडचणी होत्या. फाटकी चादर आली की काटकोन त्या भोकातच अडकतो. बोट घालून बघत राहतो, पुढे सरकत नाही. आता चादर रुळांखालून बाहेर येतानाच मी नजर ठेवतो आणि भोक दिसलं की ती त्याच्यापर्यंत पोचायच्या आत टेबलाखाली.

दुसरी अडचण थांबण्याची. चादरी संपून टॉवेल आले की ते त्याला पटत नाही. हात पुढे करून चादरीची वाट बघत उभा. म्हणून शेवटची घडी गठ्ठ्यावर पडली की मी दोन्ही तळवे वर दाबून थोडा थांबतो. तोही ठेवतो. मग संपलं. मग टॉवेल आणा, अभ्रे आणा, काहीही आणा. मावशी म्हणते, "गठ्ठ्याला आशीर्वाद देता का रे दोघं?" मी म्हटलं, आमची पद्धत आहे. जास्त काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय?

२० मार्च, गुरुवार

बाई म्हणाल्या, "तुमचं छान जमलंय. पण उद्या तुम्ही आला नाहीत तर?"

"मी येतोच."

"तरीपण. तुम्ही नक्की काय काय करता ते मावशींना दाखवून ठेवा. मुकादमांनाही. अधूनमधून त्याला दुसऱ्या कोणाबरोबर उभं करून बघा. त्याची नोकरी एका माणसावर टांगलेली नको."

हो म्हटलं.

हो म्हटलं खरं, पण मावशीला डागांतून मान वर करायला फुरसत नाही. मुकादमाला हिसक्यांचं सांगितलं तर तो हॉलभर नकला करत फिरेल. आणि हे शिकवायचं कसं? हे हाताला कळतं. आज मुकादम वरच्या मोठ्या साहेबांना सांगत होता, "या पोराशिवाय ते टेबल चालायचं नाही." मी रुळांच्या मागे होतो, मला ऐकू आलं. आजवर जिथे जिथे गेलो तिथे माझ्यामुळे चालत नव्हतं. माझ्याशिवाय चालत नाही असं कोणी पहिल्यांदाच म्हटलं.

बाईंना काय, त्या आठवड्यातून एकदा येतात.

२८ मार्च, शुक्रवार

बाहेर लख्ख ऊन. मागच्या दारातून माल पोचवणारी गाडी निघाली तेव्हा मी घडी सोडून बघत राहिलो. काटकोन दुसरं टोक धरून उभा होता. तो वाट बघताना रागावत नाही, हे एक बरं आहे.

२ एप्रिल, बुधवार

गाडीवरचा मदतनीस सासऱ्याच्या आजारपणासाठी गावी गेला. ड्रायव्हरला माणूस हवाय. मुकादमाने सहज विचारलं, कोण जातं? माझा हात वर कधी गेला ते मलाच कळलं नाही. दारोदार फिरायचं, गठ्ठे उतरवायचे, खिडकीतून वारा! कामाला लागल्यापासून मी या गाडीकडे डोळे लावून बसलोय.

मुकादम म्हणाला, "आणि तुझा काटकोन?"

"आठवडाभराचं तर आहे. आता तयार झालाय तो."

"नक्की? तू सांगशील तसं."

मी म्हटलं, नक्की.

४ एप्रिल, शुक्रवार

त्याला सांगणार होतो. सुट्टी झाल्यावर सांगू म्हटलं, तर त्याचे वडील फाटकाशी आलेले होते, ते रोज न्यायला येतात. त्यांच्यासमोर कुठे विषय काढायचा. आणि आधी सांगितलं की उगाच बिचकणार. सोमवारी आला की कळेलच. माणसाला सवय होते.

माझ्या जागी धुण्याच्या यंत्रावरच्या पहिलवानाला लावणार आहेत. अंगाने दांडगा आहे पण मनाचा साफ. त्याला म्हटलं, "सांभाळून घे." तो म्हणाला, "अरे, चादर तर आहे, म्हैस थोडीच आहे." दोघंही हसलो. हिसक्यांचं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, तोंडावर आलं होतं.

७ एप्रिल, सोमवार

काय दिवस होता! ड्रायव्हर गातो वाईट पण चालवतो झकास. आठ ठिकाणी माल टाकला. एका हॉटेलच्या मागच्या जिन्यावर बसून डबा खाल्ला. दिवसभर पायाला उसंत नव्हती आणि डोकं शांत. मी या कामासाठीच जन्मलोय.

हॉलमध्ये डोकावणार होतो, पण परत यायला उशीर झाला.

९ एप्रिल, बुधवार

परत आलो तर मागच्या दारात मावशी उभी. ती कधी दारात उभी राहत नाही. मी म्हटलं, "काय मावशी, माझी वाट बघताय?" ती म्हणाली, "गप बस."

मग तिने सांगितलं ते असं. सोमवारी काटकोन चादर धरून उभा राहिला तो उभाच. पहिलवानाला गप्प बसवत नाही, तो आपला बोलतोय, चल भाऊ, धर भाऊ, हो पुढे भाऊ. शेवटी त्याने एकट्यानेच कशातरी घड्या घातल्या. काल काटकोन त्या घड्या उलगडून पुन्हा घालत बसला, एकटाच, टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात. आणि दर चादरीला आधी कोपरे धरून माझ्या बाजूला बघायचा. आज चादरी संपल्या, टॉवेल आले. तो हलेना. गाडीत भरायला ठेवलेल्या चादरी ओढून परत उलगडायला लागला. हॉस्पिटलचा माल, उशीर होतोय, मुकादमाने त्याच्या हातातून चादर हिसकावली.

"मग ओरडला रे," मावशी म्हणाली. "त्याचा आवाज एवढा असेल असं वाटलं नव्हतं. टेबलाखाली शिरला आणि डोकं आपटायला लागला, टेबलाच्या पायावर. मी मध्ये हात घातला." तिने हात दाखवला. बोटं काळीनिळी झालेली. "त्याचे वडील येईपर्यंत. एवढे म्हातारे, तेही टेबलाखाली जाऊन बसले त्याच्याजवळ. आणि मुकादम हातात चादर घेऊन उभा. ती कुठे ठेवायची ते त्याला कळेना."

मी म्हटलं, "पण आठवडाभराचं तर होतं."

मावशी आत गेली.

१० एप्रिल, गुरुवार

त्याचं काम बंद. साहेबांनी सांगितलं, जमणार नाही, संस्थेला तसं कळवा.

गाडीवर गेलो नाही. मुकादमाला गाठून सगळं सांगितलं. दोन हिसके. चादर हवेत असताना बोलायचं नाही. फाटकी दिसली की लपवायची. शेवटी तळवे. मुकादम स्टुलावर बसून ऐकत होता. नक्कल वगैरे काही केली नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आधी का बोलला नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

"बाईंनी विचारलं नव्हतं?"

"त्यांनी वेगळं विचारलं होतं."

मुकादम स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "मला वाटलं तो ऐकत नाही. मुद्दाम करतोय असं वाटलं मला. लेका, मी त्याच्या हातातून ओढून घेतली." मग म्हणाला, "चल वर. साहेबांना सांग. मला सांगितलंस तसंच."

साहेबांनी ऐकून घेतलं. बाईंना फोन लावला. सोमवारी सगळ्यांना बोलावलंय. माझं डोकं आज फार दुखतंय. जेवलो नाही.

१४ एप्रिल, सोमवार

साहेबांच्या खोलीत बसलो होतो. साहेब, मुकादम, बाई, काटकोन आणि त्याचे वडील. काटकोनाच्या कपाळावर पट्टी. मी त्याच्याकडे बघून हात हलवला. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

साहेब म्हणाले, पुन्हा एकदा बघायला हरकत नाही, पण हा मुलगा टेबलावर परत येत असेल तरच. हा मुलगा म्हणजे मी. मी लगेच म्हटलं, येतो. गाडी नको मला, कायमचा टेबलावर राहतो. विचार केलाच नाही. खरंच राहिलो असतो.

त्याच्या वडिलांनी मला हात जोडले. "तुम्ही होतात म्हणून दोन महिने निघाले. घरी आला की एकच शब्द सांगायचा, 'ओढतो'. आम्हाला वाटलं, कोणी त्रास देतंय. मी एकदा चोरून येऊन काचेतून बघितलं. तेव्हा कळलं."

मग बाई म्हणाल्या, "आपण सगळे बोललो. त्याला विचारलंच नाही." आणि त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या. "तुला यायचंय का परत?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाई हलल्या नाहीत.

"काम पाहिजे," तो म्हणाला.

मुकादम माझ्या पाठीवर थाप मारणार होता.

"हा नको."

साहेब हसले. "अरे, हा तर तुझा दोस्त. याच्याशिवाय कसं—"

बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "का नको?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने आधी मनात शब्द जुळवले आणि मग सांगितलं.

"सांगत नाही. जातो."

मी म्हणणार होतो की तसं नाही, मी सांगणारच होतो, तुझे वडील आले म्हणून राहिलं. म्हटलं नाही. मला वाटतं तोंड उघडलं होतं.

वडील घाईघाईने म्हणाले, "त्याला तसं म्हणायचं नाहीये." बाई म्हणाल्या, "तसंच म्हणायचंय."

शेवटी असं ठरलं. मी मावशीला शिकवायचं, मावशी टेबलावर येणार, पुढचा महिना तिच्याबरोबर बघायचं. तोपर्यंत डागांची निवड पहिलवानाकडे. साहेब म्हणाले, हे शेवटचं.

१६ एप्रिल, बुधवार

मावशीला शिकवलं. हॉल रिकामा झाल्यावर, मुकादमाच्या परवानगीने. ती म्हणाली, "सुरू कर मास्तर." मी म्हटलं, मी काटकोन, तुम्ही मी. म्हणून त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्या बाजूला मी कधी उभाच राहिलो नव्हतो. तिथून खिडकी दिसत नाही, दार दिसत नाही. रूळ दिसतात आणि समोरचा माणूस.

मावशीची बोटं अजून नीट मिटत नाहीत. तिने चादर धरली आणि तशीच थांबली, आठवत असेल. मी कोपरे धरून उभा. माझा पाय हलायला लागला. किती वेळ ते माहीत नाही, फार नसेल. मी ओरडलो, "अहो मावशी, हिसका!"

"मेल्या, काटकोन ओरडतो का असा? नीट कर."

मग दोन हिसके आले. हलके.

सगळं सांगितलं. फाटक्या चादरीचं सांगताना ती म्हणाली, "लपवायची कशाला? लोकांची रक्ताची, ओकलेली धुणी बघते मी रोज. फाटकी आहे म्हणून सांगायचं त्याला आणि वेगळी टोपली द्यायची. घालेल तो तिच्यात." मी म्हटलं, त्याला त्रास होतो. ती म्हणाली, "त्याला होतो का तुला, ते बघू."

शिकवायला काही फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं बरेच दिवस लागतील.

२१ एप्रिल, सोमवार

आज तो आला. मी गाडीवर होतो. ड्रायव्हरने गाणं म्हटलं, मी त्याला गप्प राहायला सांगितलं. तो म्हणाला, "तूच सांगतोस का हे?"

ताईचा फोन उचलला नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी मावशी फाटकाजवळ भेटली.

"जमतंय," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी माझ्याकडे नुसता बघत राहिला. काल सुरू झाला. आज फाटकी आली, स्वतःच टोपलीत टाकली. पहिलवान पण शिकतोय, तोंड बंद ठेवायला. त्याच्या बायकोने पेढे वाटायला पाहिजेत."

मी हसलो. मग विचारलं, "माझं काही विचारलं का त्याने?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही रे." तिने चप्पल पायात सरकवली. "महिना जाऊ दे. साहेबाच्या मनात काय आहे कोणाला ठाऊक. आत्ता काही विचारू नकोस कोणाला."

२८ एप्रिल, सोमवार

आज हॉस्पिटलचा माल भरायला मी मागच्या दारातून आत गेलो. नेहमी जातो तसाच गेलो, मुद्दाम नाही. त्यांची चादर हवेत होती. मी काही बोललो नाही, नुसता ट्रॉलीजवळ थांबलो. काटकोनाने मला पाहिलं आणि त्याचे हात खाली आले. चादर जमिनीवर. मावशीने मला डोळ्यांनी बाहेर जायला सांगितलं. पुन्हा सुरू व्हायला त्यांना किती वेळ लागला ते मला दिसलं नाही, मी बाहेर होतो.

मुकादम मागून आला. पहिल्यांदाच मला भिंगऱ्या म्हणाला नाही. "तू पक्का गाडीवर," तो म्हणाला. "तो जुना मदतनीस परत येत नाहीये. तुला पाहिजे होतं ना? आता गाडी दाराला लावायची आणि बाहेरच थांबायचं. माल आम्ही ढकलत आणून देऊ. आत यायचं नाही."

सगळे ऐकत होते. मी हो म्हटलं.

उद्या पहिल्या फेरीला हॉस्पिटलच्या चादरी आहेत, त्या दोघांच्या टेबलावरच्या.